आधी तोंड पाह्य

घरात नवा टीव्ही आला आणि माझ्या डोक्याला ताप झाला. भिंतभर टीव्ही. परवा नातवाला प्रेम आलं, म्हणाला, "आजोबा, तुमच्या काळातला रंगीत पिक्चर लावून देतो." लावला. नटी बागेत आली तर तिचं तोंड भाजलेल्या विटेसारखं लाल आणि मागचं गवत इतकं हिरवं, की बैलानंही हुंगून सोडून द्यावं. मी विचारलं, "अरे, हे काय आहे?" तर म्हणे, "व्हिव्हिड मोड. सगळं एकदम चमकतं." म्हटलं, चमकवू नको बाबा, बंद कर. त्यानं काहीतरी दाबलं, तशी ती नटी बर्फाच्या लादीवर ठेवल्यासारखी निळी झाली. पुन्हा दाबलं, तर कावीळ. माझी कंबर दुखायला लागली, त्याचा चेहरा पडला, आणि ती बिचारी गातच होती.

शेवटी मी म्हटलं, "हे बघ, झाड सोड, आभाळ सोड, साडी सोड. आधी तोंड पाह्य. तोंड माणसाचं झालं की हात काढून घे." मग त्यानं रंग खाली आणला, चमक कमी केली, उजेडात जरा ऊब घातली. हळूहळू गालाला गालाचा रंग आला. आणि काय सांगू, गवतही आपोआप गवतासारखं झालं.

"आजोबा, तुम्हाला कसं काय कळतं हे?"

"मला काय कळतंय, कपाळ. हे दौलतभाऊचं."

दौलतभाऊ कोण, ते सांगण्याइतका दम तेव्हा नव्हता. आता सांगतो.

त्या काळी चंद्रपूरला चांदा म्हणायचे आणि गडचिरोली हे त्याच जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. दिवाळी झाली, धान कापून झाला, गावोगाव मंडईच्या जत्रा आणि बैलांच्या शर्यतींचे शंकरपट सुरू झाले, की आमचा तंबू निघायचा. सिनेमाचा तंबू. छकड्यांवर कनाती, बांबू, एक धुरकट इंजिन, एक मशीन आणि घडी घातलेला पडदा. मूल, सावली, नागभीड, गोंडपिपरी, अध्येमध्ये वैनगंगेच्या पलीकडे. नदीला पाणी असलं तर सगळं डोंग्यात चढवा, पाणी नसलं तर वाळूत रुतलेली चाकं खांद्यानं ढकला. गाव आलं की तंबू ठोका, गाव संपलं की उपटा. माझं काम दुपारी भोंगा घेऊन गावभर ओरडायचं आणि संध्याकाळी दाराशी तिकिटं फाडायची. तरुण होतो, तरी हाडं म्हाताऱ्याची झाली होती. आम्ही सगळेच थकलेले असायचो. आजही तंबू म्हटलं की मला आधी अंग ठणकणं आठवतं, सिनेमा नंतर.

दौलतभाऊ आमचा ऑपरेटर. जातीनं ढिवर, मासे धरणारा, सावलीकडच्या तळ्याकाठच्या एका गावचा. उंच, वाळका, भुवया जळून गेलेल्या, आणि सदऱ्याच्या उजव्या बाहीला ठिणग्यांनी पडलेली भोकं. बायको बायजाबाई त्याच्यासोबतच फिरायची, आम्हा सगळ्यांचा भात रांधायची. तळ्यावरचा माणूस मशीनवर कसा आला, असं कोणी विचारलं की म्हणायचा, "मासोळ्या कटाळल्या ना गा मले पाहून." झालं. याच्यापलीकडे स्वतःबद्दल एक अक्षर नाही.

ज्यांनी ती जुनी मशीनं पाहिली नाहीत त्यांना थोडं सांगावं लागेल. आत बल्ब नसायचा. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, मध्ये जराशी फट, आणि त्या फटीत पेटलेली ज्योत. तोच पडद्यावरचा उजेड. कांड्या जळत जायच्या, फट वाढायची, आणि उजेड निळा पडून थरथरायचा. फार जवळ आणल्या तर पिवळट, मळका. म्हणून ऑपरेटरनं एक हात सतत मशीनच्या मुठीवर ठेवायचा आणि कांड्या पुढे सरकवत राहायचं. काळ्यापांढऱ्या सिनेमात थोडं इकडेतिकडे झालं तर कोणाला पत्ता लागायचा नाही. रंगीत सिनेमात मात्र सगळी अब्रू त्या मुठीत.

आणि रंगीत सिनेमा आमच्याकडे यायचा तरी कसा? मोठमोठ्या शहरांत फिरून, झिजून, ओरखडे घेऊन, कधी अर्धा रंग उडवून. वर्षातून एखादा. मालक म्हणायचे, "आला तसा दाखव दौलत, लोकांना काय कळतं?" दौलतभाऊला या वाक्याचा राग यायचा. आवाज कधी चढवला नाही, पण सांगायचा, "मालक, त्यायले सिनेमा कळत नाई, मानूस तं कळते ना? बाकी सारं मंग पाहू. आधी तोंड पाह्य."

खेळ सुरू होण्याआधी तो प्रेक्षकांत एक फेरी मारायचा. कंदिलाच्या उजेडात बसलेल्या माणसांची तोंडं बघत जायचा. धान कापून रापलेले, तळ्यात उभं राहून काळवंडलेले, मोहफुलं वेचायला जंगलात जाणारे गोंड, दुकानातल्या सावलीत बसून पिवळट झालेले. बायांच्या बाजूला जायची सोय नव्हती, मध्ये कनात असायची. तिकडचं बायजाबाई बघायची. एकदा मी म्हटलं, "भाऊ, हे काय मोजून राह्यले?" तर म्हणाला, "डोळ्यात भरून घेतो. मंग त्या पडद्यावरच्या बाईनं लबाडी केली तं समजते."

गंमत अशी, की या माणसाला एकाही सिनेमाची गोष्ट माहीत नव्हती. एकाही! डोळा नटाच्या गालावर आणि ज्योतीवर. नट काय बोलतो, कोणाशी भांडतो, काही नाही. खेळ संपल्यावर भात कालवताना मला विचारायचा, "वामन, तो मिशीवाला मेला का वाचला गा?" मी सांगायचो. तो ऐकायचा आणि म्हणायचा, "बरं झालं." मेला म्हटलं तरी बरं झालं, वाचला म्हटलं तरी बरं झालं.

आणखी एक खोड. ज्योतीच्या पेटीला बघायला काळपट काच असते, डोळे वाचवायला. दौलतभाऊ त्या काचेतून कधी बघायचाच नाही. सरळ पेटीचं दार किलकिलं करायचा आणि उघड्या डोळ्यांनी आत बघायचा. मी कितीदा ओरडलो, बायजाबाई ओरडली. "अजी, काच काऊन देल्ली मंग त्यायनं?" त्याचं उत्तर ठरलेलं, "काचेतून सारंच हिरवं दिसते. ज्योतीचा रंग नाई दिसत. ज्योतीचा रंग नाई दिसला तं तोंडाचा कसा येईन?" पटण्यासारखं होतं, हीच तर पंचाईत.

नागभीडची गोष्ट सांगतो, म्हणजे हा माणूस काय चीज होता ते कळेल.

फाल्गुन होता. वर्षातला रंगीत सिनेमा येऊन पडला होता आणि मालकांना भलता उत्साह. पडदा धुळीनं मळलेला. मालकांनी कोणाला न विचारता तो धोब्याकडे धाडला आणि वरून सांगितलं, "पांढरा शुभ्र पाहिजे, खर्चाकडे बघू नको." धोब्यानं बिचाऱ्यानं लग्नातल्या धोतरांना देतात तशी भरपूर नीळ दिली. दिवसा पडदा असा लखलखत होता, की मालक त्याच्यापुढे हात जोडून उभे. दौलतभाऊ दुपारी इंजिनाखाली पडला होता, त्याला पत्ताच नाही.

संध्याकाळी खेळ सुरू. नायिका पडद्यावर आली, निळीशार. ओठ जांभळे. आणि बायांच्या बाजूनं एक म्हातारी कळवळून ओरडली, "अवं माय! इले पान लागलं वो!" आमच्याकडे साप चावला असं कोणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. झालं! सगळा तंबू हळहळला. पुढची माणसं उठून उभी राहिली. आणि ती विष चढलेली बाई तर हसतेय, झोपाळ्यावर बसून गातेय. मग नायक आला, तोही निळा. "यालेबी!" एकानं कपाळावर हात मारला. कुठून तरी दुसरा म्हणाला, "झोक्याखालीच असन गा तो." शेवटपर्यंत लोक सापाची वाट बघत बसले होते. साप निघाला नाही म्हणून काही जणांनी बाहेर पडताना मला धरलं, की तुम्ही सापाची रीळ गाळली.

आम्ही हसून हसून मेलो. दौलतभाऊ हसला नाही. त्यानं कांड्या जवळ आणून उजेड पिवळा करायचा जीव तोडून प्रयत्न केला होता, पण पडदाच निळा, तो काय करणार? मशीनजवळ डोकं धरून बसला. म्हणाला, "मेलेल्या मानसायचा खेळ दाखवला आपुन." मालक म्हणाले, पुन्हा धुवून टाकू. पण नीळ अशी बसली होती, की साध्या पाण्यानं हटेना, आणि खेळ तर रोजचा.

सकाळी दौलतभाऊ बायजाबाईला घेऊन जंगलाकडे गेला. पळस फुलला होता. दोघं ओच्यात भरभरून फुलं घेऊन आली. होळीला पोरं त्या फुलांचा रंग करतातच, पण बायजाबाईनं मोठ्या पितळी गुंडात फुलं उकळली आणि तो केशरी काढा पाण्यात असा बेतानं सोडला, की पाण्याला नुसता भास यावा. पडद्याचा एक कोपरा बुडवायचा, वाळवायचा, आणि रंग ताडून बघायला बायजाबाईनं त्याच्यावर आपला हात ठेवायचा. दौलतभाऊ लांब जाऊन बघायचा. "अजून निळा हाय. टाक थोडं." पुन्हा बुडव, पुन्हा वाळव. मालक डोक्याला हात लावून बसलेले: पडद्याला होळी खेळवतात हे! पण दिवस मावळेस्तोवर पडद्यातलं निळंही दिसेना आणि केशरीही दिसेना. तसा थोडा मंद झाला होता. त्या संध्याकाळी नायिका आली, आणि तिच्या गालावर रक्त होतं हो. जिवंत माणसाचं. कालची म्हातारी पुन्हा आली होती. "वाचली बाई," म्हणाली, आणि तिनं पदरानं डोळे पुसले.

दौलतभाऊनं त्या वेळी बायजाबाईकडे बघितलं ते मी पाहिलं. तसं बघणं मला जन्मात कोणाकडे जमलं नाही.

पुढे काही वर्षं गेली. तेच छकडे, तेच बांबू, फक्त आम्ही जास्त थकलेलो. मालकांचे केस गेले, इंजिनाचा आवाज बसला. गोंडपिपरीला तंबू लावला होता आणि पुन्हा एक रंगीत सिनेमा आला होता. दोन-तीन खेळ झाले आणि दाराशी लोक कुरकुरायला लागले. कोणी म्हणे, चित्र थंडं वाटते. एक ओळखीचा शिंपी स्पष्टच बोलला, "वामनभाऊ, तुमची बाई हिवतापातून उठल्यासारखी दिसून राह्यली." मी आत जाऊन पाहिलं. खरंच, निळसर झाक होती, आणि ज्योत थरथरत होती. कांड्यांमधली फट भलतीच वाढलेली. मला वाटलं, दौलतभाऊ दमला असेल, डुलकी लागली असेल. पण नाही. डोळे फाडून पडद्याकडे बघत होता आणि मूठ आणखी उलटी फिरवत होता, फट आणखी वाढवत होता. कपाळावर घाम.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पडदा झटकत होतो. दौलतभाऊ आला, पडद्याचा पदर हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाला, "वामन, पडदा लय पिवळा पडला गा. मालकाले सांग. धोब्याकडं दे. नीळ द्याले लाव."

नीळ? हा माणूस नीळ मागतोय? ज्यानं निळीपायी पळसाचं अख्खं झाड रिकामं केलं होतं, तो? आणि पडदा माझ्या हातात होता, आदल्याच आठवड्यात धुतलेला, सकाळच्या उन्हात. त्यात पिवळं काही नव्हतं.

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं. कारण तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि तोंड बघण्यात त्याचा हात कोण धरणार? बघता बघता त्याचा चेहरा उतरला.

"पडदा पांढरा हाय का?" त्यानं विचारलं.

"हो भाऊ."

"पुरा पांढरा?"

"पुरा."

त्यानं बायजाबाईला हाक मारली. ती भाताचा हात घेऊन तशीच आली. तिला काही विचारलं नाही, नुसतं बोट दाखवलं. तिनं पडदा पाहिला आणि नवऱ्याला पाहिलं. "अजी, मी सांगत होती ना तुमाले," एवढंच म्हणाली. "काच होती ना जी तिथी."

मी त्याला चांद्याला नेलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं सांगितलं, एवढी वर्षं ज्योत उघड्या डोळ्यांनी बघून डोळा आतून भाजलाय, वरून पिवळी साय धरलीय. साय काढता आली तरी भाजलेलं भरून येणार नाही, नजर उतरतच जाणार. मशीन आजपासून बंद. दौलतभाऊनं शांतपणे ऐकून घेतलं. परतताना छकड्यात एकदाच बोलला. "म्हंजे इतके दिवस मीच त्यायले निळं करत होतो. मेल्यावानी." मला सांगा, ज्याचा डोळा जातो तो स्वतःसाठी रडतो की नाही? हा त्या पडद्यावरच्या बायांसाठी कष्टी झाला होता.

मालकांना सांगावंच लागलं. मालक वाईट नव्हते. नागपूरहून दुसरा ऑपरेटर बोलावला, पण तो यायच्या आधी सावलीला एक खेळ ठरलेला होता. दौलतभाऊच्या भागातलं गाव, त्याचे सगेसोयरे येणार. मालक म्हणाले, खेळ रद्द करू. तेव्हा दौलतभाऊ म्हणाला, "रद्द नोका करू. मी मशीन लावतो. डोळे बायजाचे घेतो."

बाईनं मशीनला हात लावायचा म्हणजे त्या काळी केवढा गहजब! मालकांनी मशीनभोवती चादरी बांधायला लावल्या, कोणाला दिसू नये म्हणून. आत ती दोघं आणि रिळं भरायला मी. रीळ दौलतभाऊनं हातानं चाचपून लावली, कांड्या पेटवल्या. पेटीला, तिच्या तोंडासमोर, काळी काच त्यानं स्वतः बसवली. "ज्योत इतून पाह्यजो. दार खोलशीन तं याद राख," असं दरडावलं. तिचा हात मुठीवर, तिच्या हातावर याचा हात.

नटी आली.

"कसं हाय?"

"निळं हाय जी."

"सरकव. हळू. आता?"

"आता हळदीवानी."

"जराशी मांगं घे. आता?"

ती पडद्याकडे वाकली. पदर तोंडाला लावून बघत होती. मी चादरीच्या फटीतून पडदा पाहिला. नटीच्या गालाचा रंग असा आला होता, की हात लावला तर गरम लागेल. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

"आता बरोबर हाय," बायजाबाई म्हणाली. "मानसावानी हाय."

दौलतभाऊनं आपला हात काढून घेतला. तिचा मुठीवर तसाच राहिला. मग मला म्हणाला, "वामन, चाल. मले समोर नेऊन बसव."

मी त्याला हाताला धरून लोकांतून वाट काढत नेलं आणि अगदी पुढे, पोरांच्या रांगेत, जमिनीवर बसवलं. शेजारी मी बसलो, रीळ बदलायला तेवढा उठून जायचो. आयुष्यात पहिल्यांदा तो सिनेमा बघत होता. कोण कोणाचा, काय भांडण, सगळं मला विचारत होता, आणि मागची माणसं आम्हाला गप्प बसायला सांगत होती. मध्येच त्यानं माझं मनगट धरलं.

"मले तं सारं पिवळंच दिसून राह्यलं गा," तो कानाशी म्हणाला. "पन तिनं म्हटलं ना बरोबर हाय. म्हंजे बरोबरच असन."

पडद्यावर ती बाई रडत होती. दौलतभाऊ मान वर करून तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि खेळ संपेपर्यंत त्यानं एकदाही मागे वळून मशीनकडे पाहिलं नाही.